खालच्या पट्टीतला कॉर्नेल

होनोलुलू, ९ फेब्रुवारी १९९७. साउंडगार्डन या रॉक बँडच्या दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम. बेन शेपर्डच्या बास गिटारची यंत्रणा दगा देऊ लागली, त्याचा संयम सुटला आणि गिटार हवेत भिरकावून तो मंचावरून चालता झाला. पाठोपाठ बाकीचेही आत गेले. थोड्या वेळानं गायक क्रिस कॉर्नेल तेवढा परत आला आणि त्यानं एकट्यानं गाऊन कार्यक्रम पुरा केला. बरोबर दोन महिन्यांनी, ९ एप्रिलला, बँड मोडल्याचं जाहीर झालं.

बँड मोडला की वादकाला दुसरीकडे काम मिळतं. साउंडगार्डनचा ड्रमर मॅट कॅमरन पुढच्याच वर्षी पर्ल जॅम या बँडमध्ये गेला आणि तिथे रुळला. गायकाचं तसं होत नाही. त्याचा आवाज ही त्या बँडची ओळख होऊन बसलेली असते. तो जाईल तिथे लोक त्याच्याकडे जुनंच मागतात. कॉर्नेलनं या पेचात दोन वर्षं काढली आणि २१ सप्टेंबर १९९९ रोजी ‘युफोरिया मॉर्निंग’ हा त्याचा पहिला एकल अल्बम आला. बारा गाणी. बहुतेक संथ, बहुतेक उदास, आणि ज्या किंकाळीसाठी तो जगभर ओळखला जात होता ती जवळपास कुठेच नाही.

कॉर्नेल १८ मे २०१७ रोजी गेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. त्या आठवड्यात जगभर जे मृत्युलेख आले त्यांत साउंडगार्डन होतं, त्याचा नंतरचा बँड ऑडिओस्लेव्ह होता, ‘कसिनो रोयाल’ या बाँडपटाचं त्यानं गायलेलं शीर्षकगीत होतं. ‘युफोरिया मॉर्निंग’च्या वाट्याला एखादं वाक्य आलं, काही ठिकाणी तेही नाही. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. या माणसाच्या गळ्यात काय होतं हे खरोखर समजून घ्यायचं असेल तर ते या अल्बमखेरीज समजत नाही, असं माझं मत आहे. म्हणून ही श्रद्धांजली त्याला वाहतो ती या अल्बमच्या वाटेनं. आणि त्याच्याबरोबर त्यात पियानो वाजवणाऱ्या नताशा श्नायडरलाही. ती त्याच्याआधी नऊ वर्षं गेली. हा अल्बम जितका कॉर्नेलचा आहे तितकाच तिच्या हातांचा आहे.

आधी साउंडगार्डनबद्दल थोडं, कारण कॉर्नेल कशातून बाहेर पडला ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बँड सिअ‍ॅटलमध्ये १९८४ साली उभा राहिला. गिटारवर किम थाइल. त्याचे आईवडील केरळातून अमेरिकेत गेलेले. आपल्याकडे हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण ज्या बँडनं सिअ‍ॅटलच्या त्या काळच्या रॉक संगीताचा पाया घातला त्याची गिटार एका मल्याळी घरातल्या मुलाच्या हातात होती. बास गिटारवर तेव्हा हिरो यामामोतो. कॉर्नेल सुरुवातीला गात असे आणि ड्रम्सही वाजवत असे. पुढे गाण्याकडे पूर्ण लक्ष देता यावं म्हणून ड्रम्स दुसऱ्याकडे गेले. थाइलच्या गिटारीच्या तारा सैल सोडलेल्या, सूर जडशीळ, आणि ठेका अनेकदा आडवळणाचा. ‘स्पूनमॅन’ हे त्यांचं गाजलेलं गाणं सात मात्रांत आहे. रूपकाची सवय असलेल्या कानाला सात मात्रांचं काही वाटणार नाही, पण चार-चारच्या हिशेबात वाढलेल्या रॉकच्या श्रोत्याला ते गाणं सतत पायाखालची पायरी चुकल्यासारखं वाटतं.

सुरांच्या अशा भिंतीवर गाणाऱ्या माणसाला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. गिटार, बास आणि ड्रम्स मिळून खालचा आणि मधला सगळा पट्टा व्यापून टाकतात. गळ्याला जागा उरते ती तार सप्तकात. कॉर्नेलचा गळा तिथे लीलया जायचा, आणि गेल्यावर पातळ व्हायचा नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. वर गेल्यावर बहुतेकांचा आवाज चिरका होतो. त्याचा आणखी भरदार व्हायचा. मार्च १९९४ मध्ये ‘सुपरअननोन’ आला, पहिल्याच आठवड्यात अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, एकट्या अमेरिकेत त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘ब्लॅक होल सन’ आणि ‘स्पूनमॅन’ या दोन्ही गाण्यांना ग्रॅमी मिळालं. मुंबई-पुण्यात त्या काळी कॅसेटवरून कॅसेट भरून घेणाऱ्या कॉलेजच्या पोरांपर्यंतही तो आवाज पोहोचला, आणि ज्यांना इंग्रजीतलं एक अक्षर धड कळत नव्हतं तीही ‘ब्लॅक होल सन’ गुणगुणत होती.

पण कॉर्नेलच्या गाण्याचं मूळ या गदारोळात नव्हतं. तो नऊ वर्षांचा असताना शेजारच्या घराच्या तळघरात त्याला कुणीतरी टाकून दिलेल्या बीटल्सच्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा सापडला होता. पुढची दोन वर्षं तो जवळजवळ तेवढंच ऐकत बसला. पौगंडावस्थेत अमली पदार्थाचा एक भयंकर अनुभव आला आणि त्यानंतर भीतीनं त्याला असं ग्रासलं की बराच काळ तो घराबाहेर पडेना, मित्र उरले नाहीत. हे त्यानं स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे गाणं त्याच्याकडे आलं ते बंद खोलीत, एकट्यानं ऐकताना. लोकांपुढे उघड्या अंगानं किंचाळणारा जो कॉर्नेल आपण पाहिला तो नंतरचा. आधीचा मुलगा चालींच्या मागे लागलेला होता. या सुरावरून त्या सुरावर जाताना मध्येच एक अनपेक्षित स्वर लावला की काळजात कसं होतं, हे शोधत बसलेला. ‘युफोरिया मॉर्निंग’मध्ये तो मुलगा मोठा होऊन परत येतो.

आणि तो परत येतो तेव्हा त्याची बरीच माणसं गेलेली असतात.

त्यातलं पहिलं नाव अँड्र्यू वुड. ‘मदर लव्ह बोन’ या बँडचा गायक, कॉर्नेलचा खोलीतला जोडीदार, मार्च १९९० मध्ये हेरॉइननं गेला. चोवीस वर्षांचा होता. कॉर्नेल त्यानंतर दौऱ्यावर गेला आणि वाटेत त्याच्या आठवणीत गाणी लिहीत राहिला. परत आल्यावर वुडच्याच बँडमधल्या मित्रांना बरोबर घेऊन त्यानं ती रेकॉर्ड केली. १९९१ मध्ये ‘टेंपल ऑफ द डॉग’ या नावानं तो अल्बम आला. त्याच अल्बमवर एडी व्हेडर नावाच्या, तेव्हा कुणालाच ठाऊक नसलेल्या मुलाचा आवाज लोकांनी ऐकला. तीच मंडळी पुढे पर्ल जॅम झाली. एका मित्राच्या शोकातून दुसऱ्या मित्रांना रस्ता मिळाला. एप्रिल १९९४ मध्ये गायक कर्ट कोबेन गेला, ‘सुपरअननोन’ येऊन महिना झाला होता. आणि मग २९ मे १९९७, साउंडगार्डन मोडून दोन महिनेही झाले नव्हते, गायक जेफ बकली मेम्फिसजवळ वुल्फ नदीत पोहायला उतरला आणि बुडाला. वय तीस.

बकलीबद्दल इथे थोडं थांबायला हवं. तो नुसरत फतेह अली खान यांचा निस्सीम भक्त होता. न्यूयॉर्कमधल्या ‘सिन-ए’ या चिमुकल्या कॅफेत एकटा गिटार घेऊन बसायचा आणि मध्येच नुसरतसाहेबांची कव्वाली उर्दूत गायचा. हाच माझा एल्व्हिस, असं लोकांना सांगायचा. त्यानं त्यांची मुलाखतही घेतली होती. सुरात पूर्ण विरघळून जाणं, शब्द सोडून नुसत्या आकारात भटकणं, आवाज अगदी बारीक करून वर नेणं, हे बकलीनं कुठून घेतलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. नुसरतसाहेबही त्याच वर्षी, बकलीनंतर तीन महिन्यांच्या आत गेले. कॉर्नेल आणि बकली मित्र होते, दोघांनाही एकमेकांच्या गळ्याबद्दल मनापासून आदर होता. बकलीच्या अपुऱ्या राहिलेल्या रेकॉर्डिंगांचं १९९८ मध्ये जे प्रकाशन झालं त्यात कॉर्नेलनं बकलीच्या आईला हातभार लावला. बकलीचा एक लाल टेलिफोन होता. तो कॉर्नेलकडे आला, आणि पुढे एकट्यानं गिटारवर गायच्या कार्यक्रमांत कॉर्नेल तो मंचावर आपल्या शेजारी ठेवत असे.

अल्बममधलं सातवं गाणं, ‘वेव्ह गुडबाय’, बकलीसाठी आहे. मृत मित्रावरच्या गाण्यात गायक सहसा मित्राची स्तुती करतो, नाहीतर स्वतःच्या दुःखाचं प्रदर्शन मांडतो. कॉर्नेलनं दोन्ही टाळलं आणि फार अवघड गोष्ट केली: तो बकलीच्या आवाजात शिरला. या गाण्यात त्याचा नेहमीचा छातीतून येणारा, रुंद आवाज जवळपास नाही. तो सूर बारीक करतो, हलका करतो, वरच्या स्वरावर नुसता स्पर्श करून उतरतो, शेवटच्या अक्षराला किंचित थरथर देतो. ती सगळी बकलीची लकब. पण नक्कल वाटत नाही, कारण मध्येच त्याचा स्वतःचा खर्ज डोकावतो आणि लगेच मागे सरतो. दोन माणसं एका गळ्यात आळीपाळीनं येऊन जावीत तसं ते ऐकू येतं. गाण्याचा रोख बकलीकडे नाहीच. ज्यांना अचानक निरोप घ्यावा लागला, ज्यांना निरोप घ्यायलाही मिळाला नाही, अशा मागे राहिलेल्यांशी तो बोलतो. गाणं थोडं लयदारही आहे, पाय हलतो. शोकगीतात पाय हलू द्यायला धीटपणा लागतो.

हे सगळं जिथे घडलं ते एक घर होतं. लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅलन जोहानेस आणि नताशा श्नायडर या जोडप्याच्या घरी स्टुडिओ होता. दोघं मिळून ‘इलेव्हन’ नावाचा बँड चालवायचे. त्या बँडनं साउंडगार्डनबरोबर दौरा केला होता, तिथली ओळख. अ‍ॅलन चिलीतल्या सांतियागोचा. तरुणपणी त्याचा जो बँड होता त्यात हिलेल स्लोवॅक त्याच्याबरोबर गिटार वाजवायचा. हिलेल पुढे रेड हॉट चिली पेपर्समध्ये गेला आणि १९८८ मध्ये हेरॉइननंच त्याचा बळी घेतला. म्हणजे या घरातही शोक नवा नव्हता. नताशा सोव्हिएत संघातली, विशीत अमेरिकेला आलेली, पियानोचं रीतसर शिक्षण झालेली. ती अभिनयही करायची. १९८४ च्या ‘२०१०’ या चित्रपटात सोव्हिएत अंतराळयानातली एक अंतराळवीर तिनं केली आहे. कॉर्नेलनं तिच्या आणि अ‍ॅलनच्या साथीनं १९९७ मध्ये एका नाताळच्या संकलनासाठी ‘आवे मारिया’ गायलं होतं. साउंडगार्डनचा गायक शुबर्टची रचना गातो म्हटल्यावर लोकांनी कान टवकारले असतील, पण खरी गंमत त्या साथीत आहे. तिथेच त्या तिघांचं जमलं असणार.

अल्बमची निर्मिती तिघांच्या नावावर आहे. कॉर्नेल गाणी घेऊन यायचा, काही तिथेच तिघांत मिळून रचली जायची. एका मोठ्या बँडमध्ये प्रत्येकाचं वाद्य आपापली जागा मागत असतं. इथे उलटं: आधी गळा, आणि मग गळ्याभोवती जेवढं लागेल तेवढंच. नताशाची कळवाद्यं या अल्बमचा कणा आहेत. कधी पियानो, कधी ऑर्गन. ती भरणा करत नाही. गायकाचा एक शब्द संपतो आणि दुसरा सुरू होत नाही एवढ्या फटीत ती एखादा स्वर ठेवते, आणि तेवढ्यानं त्या ओळीचा अर्थ बदलतो. आपल्याकडे चांगल्या पेटीवाल्याचं कौतुक करताना जे म्हणतात, की तो गवयाच्या मागे सावलीसारखा असतो, ते इथे पुरेसं नाही. ती मागे नसते. ती अर्धं पाऊल पुढे जाऊन दिवा धरते.

पाचवं गाणं ऐका, ‘व्हेन आयम डाउन’. संथ, पियानोवरचं, जुन्या ब्लूजच्या वळणाचं. गाण्यातला माणूस एक लाजिरवाणी कबुली देतो: मी कोसळलेला असतो तेव्हाच माझं तुझ्यावर प्रेम असतं. हे वाक्य नाटकी करून म्हणायचा मोह कुठल्याही मोठ्या गळ्याच्या गायकाला होईल. कॉर्नेल ते जवळजवळ बोलतो. आवाज खाली, थोडा घोगरा, श्वास ऐकू येईल इतका जवळ. शब्दांच्या शेवटी सूर किंचित खाली घसरू देतो आणि सावरत नाही. मग गाणं पुढे सरकतं, आणि शेवटाकडे तो वर चढतो, त्याच्या त्या प्रसिद्ध उंचीपर्यंत. पण आता त्या उंचीला कारण आहे. साउंडगार्डनमध्ये तो वर जायचा कारण खाली जागा नव्हती. इथे खाली सगळी जागा मोकळी आहे, तो तिथे राहू शकला असता, तरीही राहवलं नाही म्हणून वर जातो. या दोन चढण्यांत जो फरक आहे तोच मला या माणसाबद्दल सांगायचा आहे. शक्ती तर त्याच्याकडे पहिल्यापासून होती. ती कुठे वापरायची नाही, हे त्याला बँड सोडल्यावर कळलं.

तिसरं गाणं ‘प्रीचिंग दि एंड ऑफ द वर्ल्ड’. जगाचा अंत जवळ आलाय आणि एक एकटा माणूस कुणाही अनोळखी माणसाला साद घालतोय, की शेवटचे काही दिवस तरी सोबत घालवू. १९९९ साल, सहस्रक संपत आल्याची धास्ती हवेत होतीच. पण या गाण्यात भीती नाही, उलट एक विलक्षण गोडवा आहे. चालीत तळघरातले बीटल्स आहेत: साधी वाटणारी ओळ अचानक एका परक्या स्वरावर पाय ठेवते आणि पुन्हा घरी येते. घराबाहेर पडायला घाबरणारा तो मुलगा ज्याची वाट पाहत असेल, तीच ही हाक आहे असं मला नेहमी वाटतं. ‘स्वीट युफोरिया’मध्ये तर एक गिटार आणि एक गळा, बस्स. ‘पिलो ऑफ युअर बोन्स’ जुन्या साउंडगार्डनच्या सर्वांत जवळ जातं. ‘डिसअपिअरिंग वन’मध्ये जुना सोबती मॅट कॅमरन ड्रम्सवर आहे, बँड मोडला तरी माणसं तुटली नव्हती. सगळीच गाणी सारख्या ताकदीची नाहीत. ‘मिशन’ मला कधीच भिडलं नाही, आणि ‘फ्लटर गर्ल’ थोडं लांबल्यासारखं वाटतं. पण एकूण बारामधली सात-आठ गाणी अशी आहेत की त्यांतलं एकेक गाणं एखाद्या गायकाची आयुष्यभराची कमाई ठरावी.

बाजारात त्याचं काय झालं? १९९९ साली अमेरिकेतल्या रॉकवर लिंप बिझकिट, कॉर्न अशा बँडचं राज्य होतं. राग, रॅप आणि आदळआपट. त्या उन्हाळ्यात वुडस्टॉकच्या नावानं जो महोत्सव भरला तो जाळपोळीत संपला. अशा वातावरणात पियानोवर हळू आवाजात कबुली देणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? अल्बम अमेरिकेच्या यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत गेला आणि लवकरच खाली उतरला. ‘कान्ट चेंज मी’ या पहिल्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. ते गाणं त्यानं फ्रेंचमध्येही गाऊन ठेवलंय. समीक्षकांनी आदरानं लिहिलं. साउंडगार्डनच्या चाहत्यांनी बराच नाराजीचा सूर लावला. त्यांना किंकाळी हवी होती. अ‍ॅलन आणि नताशाला बरोबर घेऊन कॉर्नेल मार्च २००० पर्यंत लहान-मोठ्या थिएटरांत कार्यक्रम करत फिरला, आणि मग हा अध्याय मिटला.

त्यातच नावाची गोष्ट. त्यानं अल्बमला मुळात जे नाव ठेवलं होतं त्यात मॉर्निंगचा (Mourning) अर्थ ‘शोक’ असा होता. तेव्हाच्या त्याच्या व्यवस्थापकाला ते जड वाटलं. एक ‘यू’ काढला तर ‘सकाळ’ होते, आणि ती जास्त छान वाटते, असं त्यानं सुचवलं. कॉर्नेल त्या वेळी खचलेला होता. बँड संपलेला, लग्न मोडकळीला आलेलं, दारू हाताबाहेर गेलेली. त्यानं मान डोलावली. ही चुटपुट त्याला पुढे सोळा वर्षं लागून राहिली. ऑगस्ट २०१५ मध्ये अल्बमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यानं तो ‘यू’ परत घातला आणि हे सगळं उघडपणे सांगितलं. देवनागरीत दोन्ही नावं सारखीच दिसतात, पण मुखपृष्ठावर तो फरक मोठा आहे. ज्या अल्बमचा प्रत्येक सूर कुणाच्या ना कुणाच्या जाण्याबद्दल आहे त्याला विक्रीच्या टेबलावर हसरा चेहरा करून बसवलं होतं. माणसाला दुःख झालंय हे त्याला त्याच्या स्वतःच्या अल्बमवर लिहू दिलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

नंतरचं बरंचसं सर्वांना ठाऊक आहे. २००१ पासून रेज अगेन्स्ट द मशीन या बँडच्या तिघांबरोबर ऑडिओस्लेव्ह. मे २००५ मध्ये हवानाच्या चौकात त्यांचा मोफत कार्यक्रम. व्यसनमुक्तीसाठी उपचार, दुसरं लग्न, मुलं. २००९ मध्ये टिंबालँड या निर्मात्याबरोबर केलेला ‘स्क्रीम’ नावाचा अल्बम, ज्याबद्दल मला लिहायची इच्छा नाही. २०१० मध्ये साउंडगार्डन पुन्हा एकत्र. पण मला त्याच्या उत्तरार्धातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते २०११ चं ‘साँगबुक’: एकटा कॉर्नेल, गिटारी, शेजारी तो लाल टेलिफोन, आणि साउंडगार्डनची, ऑडिओस्लेव्हची, सगळी गाणी खालच्या पट्टीत, मोकळ्या जागेत गायलेली. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणजे १९९९ मध्ये ज्या गाण्याला लोकांनी पाठ दाखवली होती तेच गाणं ऐकायला बारा वर्षांनी सभागृहं भरू लागली.

१७ मे २०१७ ला डेट्रॉइटच्या फॉक्स थिएटरमध्ये साउंडगार्डनचा कार्यक्रम झाला आणि त्या रात्री हॉटेलच्या खोलीत कॉर्नेल गेला. तपासाअंती आत्महत्या असं नोंदवलं गेलं. त्यानंतर एक प्रकार सुरू झाला आणि तो अजून थांबलेला नाही: त्याच्या गाण्यांतून ओळी उचलायच्या आणि बघा, सगळं आधीच लिहून ठेवलं होतं, असं म्हणायचं. ‘युफोरिया मॉर्निंग’वर तर हा अन्याय सर्वांत जास्त होतो, कारण अल्बम उदास आहे. मला हे अजिबात मान्य नाही. हा अल्बम हार मानलेल्या माणसाचा नाही. ज्याचं सगळं एकदम सुटत चाललं होतं असा एक माणूस दोन मित्रांच्या घरी जात राहिला, सूर लावत राहिला, चालींवर घासाघीस करत राहिला, मेलेल्या मित्राचा आवाज आपल्या गळ्यात कसा बसवता येईल ते शोधत राहिला. त्या काळानंतर तो आणखी अठरा वर्षं जगला, व्यसनातून बाहेर आला, बाप झाला, गात राहिला. शेवट तसा झाला, ते खरंच. पण १९९९ ची गाणी २०१७ च्या त्या रात्रीची प्रस्तावना म्हणून ऐकणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवणं आहे. दुःखावर काम करणं आणि दुःखात बुडणं यांत फरक असतो, आणि तो इथे प्रत्येक गाण्यात ऐकू येतो.

नताशा २ जुलै २००८ रोजी कर्करोगानं गेली. पुढच्याच महिन्यात तिच्या मित्रांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या स्मरणार्थ कार्यक्रम केला. क्वीन्स ऑफ द स्टोन एज या बँडनं पुढाकार घेतला होता, ती त्यांच्याबरोबरही वाजवायची. तिचं नाव आज मोजक्या लोकांना माहीत आहे. रॉकच्या इतिहासात गायकाची आणि गिटारवाल्याची नावं उरतात, पियानोवर बसलेली बाई राहून जाते. कॉर्नेल जिवंत असताना त्याच्याबद्दल भरभरून लिहिलं गेलं, गेल्यावर सिअ‍ॅटलमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. तिच्यासाठी तसं काही झालेलं नाही, आणि होईल असंही वाटत नाही. तिच्यासाठी एक अल्बम मात्र आहे. अ‍ॅलननं २०१० मध्ये ‘स्पार्क’ नावाचा आपला पहिला एकल अल्बम काढला, तो पूर्णपणे तिच्या आठवणीतला. आयुष्यभर बँडमध्ये आणि दुसऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवलेला माणूस बायको गेल्यावर पहिल्यांदा एकटा समोर आला आणि गायला. वुडसाठी कॉर्नेल गायला, बकलीसाठी कॉर्नेल गायला, नताशासाठी अ‍ॅलन गायला. त्या घरात शिकलेलं वाया गेलं नाही.

ज्यांनी हा अल्बम कधी ऐकलेला नाही त्यांना माझी विनंती आहे: पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका, ते कंपनीनं पुढे केलेलं गाणं आहे. ‘व्हेन आयम डाउन’पासून करा, आणि तेही दोनदा ऐका. एकदा कॉर्नेलसाठी. दुसऱ्यांदा गळ्याकडे लक्षच देऊ नका, फक्त नताशाचा उजवा हात ऐका. मग ‘वेव्ह गुडबाय’, आणि त्याआधी जमलं तर बकलीचं कुठलंही एक गाणं. अल्बमची प्रत मिळाली तर २०१५ नंतरची घ्या, ज्यावर ‘यू’ आहे ती. आणि अ‍ॅलनचा ‘स्पार्क’ त्याच्या शेजारी ठेवा.